एकच सांडपाणी, दोन नद्या



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांनी या भागातल्या दोन पिढ्यांना गणित शिकवलं. त्यामुळे इथे गणितावर बोलायला मला संकोच वाटत नाही. आजचं गणित मात्र फळ्यावरचं नाही, आपल्या घोडनदीचं आहे. आहुप्याच्या डोंगरात उगम पावून, डिंभ्याच्या धरणातून निघून, कळंबजवळ पुणे–नाशिक महामार्गाखालून जाणारी ही नदी. वाटेत तिला मीना मिळते, पुढे कुकडी मिळते, आणि शेवटी ती भीमेला मिळून उजनीत जाते. या नदीत कुणी काय सोडलं, त्याचं पुढे काय झालं आणि ते कुणाला भोगावं लागलं, हे आकडेमोडीनं कसं शोधायचं, एवढाच माझा विषय आहे.

उन्हाळ्यात नदीत मासे मरून वर येतात. काठावरच्या कुठल्याही गावाला हे दृश्य नवीन नाही. मासे तरंगायला लागले की लोक आजूबाजूला बघतात. जवळचा नाला कुणाचा, वरच्या अंगाला कोणतं गाव, कोणता कारखाना. निवेदन जातं, पंचनामा होतो, पाण्याची बाटली भरून प्रयोगशाळेत पाठवतात. माझं स्पष्ट मत आहे की अशा वेळी बरेचदा आपण चुकीच्या जागी बोट ठेवतो. सांडपाण्यानं मासे मरतात ते नाल्याच्या तोंडाशी क्वचितच. ती घाण कितीतरी वर आणि काही दिवस आधी पडलेली असते. किती वर आणि किती दिवस आधी, हे डोळ्यांना दिसत नाही. ते मांडून काढावं लागतं. त्या मांडणीला गणिती प्रारूप म्हणतात, बोलताना आपण सरळ मॉडेल म्हणतो.

आधी नदीत काय घडतं ते पाहू. गावाचं सांडपाणी नदीत पडलं की पाण्यातले जिवाणू त्यातला सेंद्रिय भाग खायला लागतात. ते चांगलंच काम करत असतात, पण खाताना पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. आणि पाण्यात प्राणवायू असतो तरी किती? लिटरभर हवेत तो अडीचशे मिलिग्रॅमच्या वर असतो. लिटरभर पाण्यात, आपल्याकडच्या २७ अंश तापमानाला आणि समुद्रसपाटीपासून सहाएकशे मीटर उंचीवर, फार तर साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास मावतो. माशाचं सगळं जगणं या साडेसात मिलिग्रॅमवर आहे. सांडपाण्याला कुजून निवायला किती प्राणवायू लागेल, त्या मागणीला बीओडी म्हणतात. आपल्याकडे ती २७ अंशांवर तीन दिवस ठेवून मोजतात. घरगुती सांडपाण्याची बीओडी लिटरमागे साधारण २५० मिलिग्रॅम धरतात. साडेसात कुठे आणि अडीचशे कुठे!

तरीही नद्या शतकानुशतकं जगल्या, कारण नदीच्या खात्यात खर्चाबरोबर जमाही होत असते. वाहतं पाणी वरच्या हवेतून प्राणवायू ओढून घेतं. पाण्यात तो जितका कमी, तितका ओढण्याचा वेग जास्त. म्हणजे एकीकडे जिवाणूंचा खर्च, दुसरीकडे हवेतून जमा, आणि दोन्ही एकाच वेळी चालू. हा जमाखर्च पहिल्यांदा नीट समीकरणात मांडला तो अमेरिकेतल्या स्ट्रीटर आणि फेल्प्स या दोघांनी. ओहायो नदीवर काठाकाठानं शहरं वाढली होती. एकाचं गटार तेच पुढच्याचं पिण्याचं पाणी, अशी अवस्था. सार्वजनिक आरोग्य खात्यासाठी नदीची वर्षानुवर्षं मोजमापं झाली आणि १९२५ मध्ये दोघांचा अहवाल प्रसिद्ध झाला. आज शंभर वर्षांनंतर जगात नदीच्या गुणवत्तेची जी मोठमोठी संगणकीय प्रारूपं वापरतात, त्यांच्या पोटात हेच समीकरण आहे.

या समीकरणाचा आलेख काढला तर नाल्याच्या तोंडापासून पुढे प्राणवायू हळूहळू उतरत जातो, एका ठिकाणी तळ गाठतो आणि मग पुन्हा चढतो. सगळ्यात वाईट जागा ही तळाची जागा. ती नाल्यापासून दूर असते. किती दूर, ते दोन वेगांवर ठरतं: जिवाणूंच्या खाण्याचा वेग आणि हवा मिसळण्याचा वेग. विद्यार्थ्यांनी हा आलेख परीक्षेत काढला असेल. माझी विनंती आहे की तो आता घोडनदीवर काढून पाहा, कारण आपल्या नदीत या दोनपैकी एक वेग माणूस बदलतो. दर वर्षी, ठरलेल्या महिन्यात.

पावसाळा सरला की कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना ढापे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, टाकतात. पाणी अडतं, विहिरींना पाझर लागतो, उसाला, कांद्याला, बटाट्याला मोटारी चालतात. या बंधाऱ्यांनी इथली शेती उभी केली आहे. ढापे काढून टाका असं सांगायला मी आलेलो नाही. पण ढापे टाकल्यावर नदीचं काय होतं, ते आकड्यात बघणं आपलं कर्तव्य आहे.

उदाहरणासाठी एक सोपी नदी धरू. पात्रात १० मीटर रुंद, अर्धा मीटर खोल धार, सेकंदाला ०.४ मीटर वेग. म्हणजे सेकंदाला दोन घनमीटर पाणी, आपल्या भाषेत सुमारे ७० क्युसेक. आता ढापे टाका. तेच ७० क्युसेक ४० मीटर रुंद आणि अडीच मीटर खोल साठ्यातून सरकतं, आणि वेग उरतो सेकंदाला दोन सेंटिमीटर. हवा मिसळण्याचा वेग प्रवाहाच्या वेगावर आणि खोलीवर कसा अवलंबून असतो, याचं सूत्र ओ'कॉनर आणि डॉबिन्स यांनी १९५० च्या दशकात दिलं. त्यात हे आकडे घाला. मोकळ्या धारेत उत्तर येतं दिवसाला ७, साठ्यात येतं ०.१४. पन्नास पट फरक! पाणी तितकंच, नदी तीच, पण तिची श्वास घेण्याची ताकद पन्नासाव्या हिश्श्यावर आली.

आता या नदीत ४० हजार वस्तीच्या गावाचं सांडपाणी, प्रक्रिया न करता, सोडू. माणशी दिवसाला १०८ लिटर धरलं तर सेकंदाला ५० लिटर होतं, नदीच्या पाण्याच्या चाळिसाव्या हिश्श्याएवढं. नदीची स्वतःची बीओडी २ धरली, तर मिसळल्यावर ती ८ होते, आणि शेवटपर्यंतची एकूण मागणी लिटरमागे १२ मिलिग्रॅमच्या घरात जाते. मोकळ्या धारेत हे गणित सोडवलं की प्राणवायूची तूट एका मिलिग्रॅमच्या वर जातच नाही. नदी ते पचवते, माशांना कळतसुद्धा नाही. ढापे टाकलेल्या नदीत तेच सांडपाणी, तितकंच, सोडलं की चार दिवसांनी आणि सात किलोमीटर खाली तूट सातच्या वर जाते. साडेसातपैकी सात गेले! उरतो तो लिटरमागे अर्ध्या मिलिग्रॅमहूनही कमी प्राणवायू. तिथे मासा जगत नाही.

मला आज एवढंच सांगायचं आहे. सांडपाणी एकच होतं, नद्या दोन झाल्या. आपल्याकडे नदीच्या प्रदूषणाची चर्चा पाइपाच्या तोंडाशी सुरू होते आणि तिथेच संपते. किती दशलक्ष लिटर सांडपाणी, किती क्षमतेचा प्रकल्प, किती कोटी रुपये. हे सगळं हवंच. पण पाइपाच्या पुढे नदी कशी वाहते, ती कुणी अडवली, कुणी सोडली, हा निम्मा हिशेब कुणीच मांडत नाही. पाणी सोडण्याचं वेळापत्रक जलसंपदा खात्याकडे आणि कालवा सल्लागार समितीकडे, पाण्याचा नमुना प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, गटार नगरपंचायतीकडे किंवा ग्रामपंचायतीकडे. तिघांची कागदपत्रं एका टेबलावर येत नाहीत. नदीला मात्र ही तिन्ही कामं एकाच पात्रात झेलावी लागतात.

मग प्रक्रिया किती करायची? इथे प्रारूप फार उपयोगी पडतं. केंद्राच्या २०१७ च्या अधिसूचनेनं महानगरं सोडून इतर ठिकाणी प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याची बीओडी ३० पर्यंत चालेल असं म्हटलं. राष्ट्रीय हरित लवादानं २०१९ मध्ये ती १० हवी असं सांगितलं. आपल्या उदाहरणात, ढापे टाकलेल्या नदीत, दोन्ही घालून पाहू. सांडपाणी ३० वर आणलं तर सगळ्यात वाईट जागीसुद्धा ४.६ मिलिग्रॅम प्राणवायू उरतो. १० वर आणलं तर ५ उरतो, आणि आंघोळीसाठी योग्य पाण्याचा निकष नेमका ५ आहे. म्हणजे मोठी झेप आहे ती पहिल्याच टप्प्यात, काहीच न करण्यापासून साधी प्रक्रिया करण्यापर्यंत. तिथे नदी मेलेलीची जिवंत होते. दुसऱ्या टप्प्यात ती जिवंत असलेली सुदृढ होते. दोन्ही व्हावेत असं मला वाटतं. पण अत्याधुनिक प्रकल्पाच्या मंजुरीची वाट बघत साधा प्रकल्पही रखडवायचा, याला या आकड्यांचा अजिबात आधार नाही.

अजून एक हिशेब. साखरेच्या पट्ट्यात आसवनीतून निघणाऱ्या स्पेंट वॉशची बीओडी लिटरमागे ५० हजार मिलिग्रॅमच्या घरात असू शकते. ते नदीनाल्यात सोडायला बंदी आहे. तरीही दहा हजार लिटरचा एकच टँकर रात्री कुठल्या ओढ्यात रिकामा झाला, तर त्यात ५०० किलोची मागणी असते. माणशी दिवसाला २७ ग्रॅम धरून भागाकार करा: साडेअठरा हजार माणसांची एका दिवसाची घाण! टँकर रिकामा व्हायला दहा-पंधरा मिनिटं पुरतात. महिन्यातून एकदा, कार्यालयीन वेळेत भरलेल्या बाटलीत हा टँकर सापडण्याची शक्यता किती?

बाटलीचा विषय निघालाच आहे तर सांगतो. विरघळलेला प्राणवायू मोजण्याची विंकलरची पद्धत १८८८ ची, आणि ती शाळेच्या प्रयोगशाळेतही करता येते. काचेची बाटली पाण्याखालीच भरायची, बुडबुडा राहू द्यायचा नाही. बाटली बुडाशी धरून आधी मँगनीज सल्फेट, मग अल्कधर्मी आयोडाइड, दोन्ही पिपेटनं पाण्याच्या आत सोडायचं. बूच लावून बाटली उलटसुलट करायची. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका तयार होतो आणि सावकाश खाली बसतो. जितका गडद, तितका प्राणवायू जास्त. आणि प्राणवायू नसेल तर साका पांढराशुभ्र राहतो. पांढरा साका एकदा हातात धरलेला विद्यार्थी तो विसरत नाही. पुढचं टायट्रेशन नेमका आकडा देतं, पण बातमी त्या रंगातच कळलेली असते.

ही बाटली कधी भरायची, यालाही महत्त्व आहे. शेतातून वाहून येणाऱ्या खतांमुळे बंधाऱ्याच्या साठ्यात शेवाळ माजतं. दिवसा उन्हात शेवाळ प्राणवायू बनवतं, रात्री तेच शेवाळ तो वापरतं. सकाळी अकरा-बाराला नमुना घेतला तर प्राणवायू भरपूर दिसेल. पहाटे पाचला घेतला तर तिथेच निम्म्याहून कमी असू शकेल. मासे पहाटे मरतात आणि अहवाल दुपारचा येतो. अहवाल खोटा नसतो, पण त्यावरून नदीचं निदान होत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या यादीत देशभरात ३५१ प्रदूषित नदीपट्टे होते आणि त्यातले ५३ एकट्या महाराष्ट्रातले, कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. २०२२ च्या यादीत देशाचा आकडा ३११ वर उतरला, आपला ५५ झाला. हे आकडे बीओडी ३ च्या वर गेली की नाही, एवढ्यावर ठरतात. पट्टा प्रदूषित आहे हे त्यातून कळतं. कुणामुळे, कोणत्या महिन्यात, कोणता झडप-दरवाजा उघडल्यावर, हे त्यातून कळायचं नाही.

आता प्रारूपाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत, कारण संगणकातून रंगीत आलेख निघाला की माणसं त्याला शरण जातात. स्ट्रीटर-फेल्प्सचं समीकरण स्थिर, एकसारख्या वाहणाऱ्या नदीसाठी आहे. आपल्याकडे ते जसंच्या तसं लागू होत नाही, हे आपल्याच देशातल्या अभ्यासकांनी दाखवलं. रुडकीच्या डी. एस. भार्गव यांनी गंगा-यमुनेवर काम केलं. सांडपाण्यातला जड भाग नदीत शिरल्यावर लवकर तळाशी बसतो आणि त्यामुळे नाल्याच्या जवळ बीओडी जुन्या समीकरणापेक्षा कितीतरी झपाट्यानं उतरते, हे त्यांनी समीकरणात आणलं. घोडनदीसारख्या बंधाऱ्याबंधाऱ्यांनी अडवलेल्या नदीत हा मुद्दा दुप्पट महत्त्वाचा आहे. तळाशी बसलेला गाळ संपलेला नसतो. तो महिनोन् महिने तिथेच कुजत राहतो. जूनमध्ये ढापे निघाले, पहिला मोठा पाऊस पडला, की सगळा गाळ एकदम ढवळून निघतो. नदीला पाणी आलं म्हणून आपण आनंदात असतो आणि त्याच दिवशी खालच्या गावात मासे वर येतात. उलट, बंधाऱ्यावरून पाणी कोसळतं तिथे थोडा प्राणवायू परत मिळतो, तोही हिशेबात धरायला हवा.

उन्हाळी आवर्तनाचं तसंच आहे. धरणातून पाणी सोडलं की लोंढ्याची लाट पुढे धावते, पण धरणाचं स्वच्छ पाणी त्या लाटेच्या मागे राहतं. लाट आधी साठ्यात अडकलेलं जुनं पाणी पुढे ढकलते. आवर्तनाचं पहिलं पाणी काळपट का असतं, याचं उत्तर यात आहे. ते पाणी धरणाचं नसतंच. ज्या गावाची जॅकवेल नदीकाठी आहे, त्या गावानं ते पहिले काही तास मोटार बंद ठेवायला हवी. किती तास, हे प्रारूप सांगू शकतं.

युरोपात ही गोष्ट एका अपघातातून शिकले. १ नोव्हेंबर १९८६ रोजी स्वित्झर्लंडमध्ये बाझेलजवळ श्वाइत्सरहाले इथल्या रासायनिक गोदामाला आग लागली. आग विझवायला मारलेल्या पाण्याबरोबर कित्येक टन कीटकनाशकं ऱ्हाइन नदीत गेली आणि सुमारे ४०० किलोमीटरपर्यंत वाम मासे मेले. त्यानंतर काठावरच्या देशांनी मिळून नदीत रंग सोडून प्रवाहाचा वेळ जागोजाग मोजला आणि ऱ्हाइन अलार्म मॉडेल उभं केलं. वर कुठे काही सांडलं, तर ते कोणत्या शहरात किती वाजता पोहोचेल आणि किती वेळ टिकेल, हे ते सांगतं. पाणीपुरवठ्याची केंद्रं त्यानुसार नदीतून पाणी उचलणं थांबवतात. प्रारूपाचा यापेक्षा चांगला उपयोग मला माहीत नाही. गुन्हेगार शोधणं पुढची गोष्ट, आधी खालच्या माणसाला वेळ मिळाला पाहिजे.

आपल्या दोन नद्यांत तो वेळ किती वेगळा आहे पाहा. मोकळ्या धारेत दहा किलोमीटर जायला पाण्याला सात तास लागतात. ढापे टाकलेल्या नदीत जवळजवळ सहा दिवस. म्हणजे पावसाळा संपताना वरच्या गावात काही सांडलं, तर खालच्या गावाला एका रात्रीची सवलत आहे. फेब्रुवारीत आठवड्याची आहे, पण तोवर ती घाण नाहीशी होत नाही, साठ्यात मुरते आणि काठच्या विहिरींत पाझरते.

घोड, मीना आणि कुकडीसाठी असं प्रारूप उभं करायला फार मोठी यंत्रणा लागत नाही. खडकवासल्याला नद्यांच्या प्रतिकृती आणि गणितं करणारी, १९१६ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था आहे, नागपूरला १९५८ पासून नीरी ही पर्यावरण अभियांत्रिकीची संशोधन संस्था आहे. मार्गदर्शन तिथून मिळेल. पण मोजमाप इथल्याच लोकांना करावं लागेल, आणि तुमच्या अवसरी खुर्द गावात स्थापत्य शाखा असलेलं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. वेग मोजायला महागडं यंत्र नसलं तर संत्री घ्या. संत्रं पाण्यात जवळजवळ पूर्ण बुडून तरंगतं, त्यामुळे वारा त्याला ढकलत नाही. पुलापासून पुलापर्यंतचं अंतर फितीनं मोजा, संत्रं सोडा, वेळ घ्या. ते पृष्ठभागाचा वेग देतं. सगळ्या खोलीचा सरासरी वेग त्याच्या साधारण ८५ टक्के धरतात. प्रत्येक बंधाऱ्याच्या वर आणि खाली खोली मोजा. ढापे कोणत्या तारखेला टाकले, कोणत्या तारखेला काढले, हे प्रत्येक ग्रामपंचायतीनं वहीत लिहावं. आवर्तन कधी सुटलं, पहिलं पाणी गावात किती वाजता आलं, त्याचा रंग कसा होता, वास कसा होता, हेही लिहावं. प्रारूपाला ही माहिती प्रयोगशाळेच्या अहवालाइतकीच मोलाची आहे, आणि ती काठावरच्या माणसाशिवाय कुणाकडे नाही.

विद्यार्थ्यांना एक विनंती. एका वर्षाच्या मोजमापांवर प्रारूप बसवा आणि दुसऱ्या वर्षाच्या मोजमापांवर ते तपासा. ज्या आकड्यांवर बसवलं त्यांच्यावरच ते जुळलं, यात काही सिद्ध होत नाही. आणि जुळलं नाही, तर गुणांक हवे तसे फिरवून जुळवू नका. कुठला नाला नोंदवायचा राहिला, ते नदीवर जाऊन शोधा. न जुळणारा आकडाच बरेचदा लपवलेल्या पाइपापर्यंत नेतो.

काम सुरू करायला योग्य वेळ ऑक्टोबरची आहे, ढापे टाकण्याच्या आदल्या आठवड्यात. एक दिवस मोकळ्या नदीची मोजणी करावी, पहाटे पाच आणि दुपारी बारा, दोन्ही वेळी. ढापे टाकल्यावर दोन आठवड्यांनी त्याच जागी, त्याच वेळी पुन्हा करावी. कळंबच्या पुलापासून खाली, बंधाऱ्याबंधाऱ्यावर. दोन्ही दिवसांच्या बाटल्या एकाच टेबलावर ठेवून साक्यांचे रंग ताडून बघावेत आणि त्या दिवशी जलसंपदा खात्याच्या, प्रदूषण मंडळाच्या आणि ग्रामपंचायतीच्या लोकांना तिथे चहाला बोलवावं.